दुबळ्या तारेची पहारेदारी

इंग्लंडातील घरांत विजेची उपकरणे भिंतीला जोडण्याकरिता जो प्लग वापरला जातो तो आपल्याकडील गोल पिनांच्या प्लगापेक्षा थोराड, हाताला जड आणि तीन चपट्या पितळी पिनांचा असतो, हे तेथे जाऊन आलेल्या कोणालाही ठाऊक असते. परंतु त्या प्लगाच्या पोटात एक इंच लांबीची, पाव इंच व्यासाची आणि दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या घातलेली एक चिनी मातीची नळी दडलेली असते आणि तिच्यावर ३ किंवा १३ असा आकडा छापलेला असतो, याची दखल घेण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. ही नळी म्हणजे फ्यूज. घरातील वीज ज्या मुख्य फळीवरून वाटली जाते त्या फळीवर फ्यूज असावा, ही रीत जगात सर्वत्र रूढ झाली. पण प्रत्येक प्लगात, म्हणजे प्रत्येक इस्त्रीच्या, दिव्याच्या आणि किटलीच्या तारेच्या मुखाशी, स्वतंत्र फ्यूज असावा असा दंडक ब्रिटनने आणि त्याची पद्धत उचललेल्या काही देशांनीच घालून घेतला. तो का घातला, त्या आकड्यांचा अर्थ काय, आणि तो अर्थ घरोघरी अमलात येण्यास जवळजवळ अर्धशतक का लागले, हा इतिहास मला नेहमीच उद्बोधक वाटत आला आहे. कारण त्यात युद्ध आहे, तांब्याची टंचाई आहे, आणि घरात वावरणाऱ्या बायकामुलांना विजेपासून इजा होऊ नये म्हणून झटलेल्या माणसांची कळकळही आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. फ्यूज हा शब्द लॅटिनमधील 'वितळणे' या अर्थाच्या धातूपासून आला. सुरुंगाच्या वातीलाही इंग्रजीत हाच शब्द असला तरी तो निराळ्या मुळाचा, सूत कातण्याच्या चातीशी नाते सांगणारा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांनी योजलेला 'वितळतार' हा प्रतिशब्द मूळ अर्थाशी पूर्ण इमान राखणारा आहे, आणि तो पुस्तकांबाहेर पडून वायरमनच्या तोंडी कधी बसला नाही याची मला हळहळ वाटते; कारण 'फ्यूज उडाला' असे म्हणताना घरावर काही अरिष्ट आले असा भाव मनात येतो, तर 'वितळतार वितळली' असे म्हणताना तिने नेमून दिलेले काम पार पाडले हे आपोआप ध्यानी येते. विजेच्या संपूर्ण वाटेवर जाणूनबुजून एक जागा दुबळी ठेवायची, म्हणजे प्रवाह बेसुमार वाढला असता भिंतीत गाडलेली तार तापून घराला आग लागण्याऐवजी ही दुबळी जागा आधी वितळून वाट तुटावी, एवढेच हे तत्त्व आहे.

एडिसनने १८८० साली अमेरिकेत अशा संरक्षक तारेचे पेटंट घेतले आणि १८८२ साली लंडनमधील हॉलबर्न व्हायाडक्ट येथे त्याच्या पद्धतीचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वीज-दिव्यांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांपासून उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याविषयी आपले पहिले नियम प्रसिद्ध केले. या नियमांमागे विद्वानांइतकाच विमा कंपन्यांचाही रेटा होता, हे नमूद करणे न्यायाचे होईल. फिनिक्स या आग-विमा कंपनीच्या मस्ग्रेव्ह हीफी या अभियंत्याने आपल्या कंपनीपुरते स्वतंत्र नियम तेव्हाच तयार केले होते, कारण ज्या घराचा विमा उतरवायचा त्यात ही नवी वीज किती भरवशाची आहे, हे ठरवल्यावाचून कंपनीचा कारभार चालणे शक्य नव्हते. घराच्या तारांची तपासणी ही प्रथा विमेदारांच्या व्यवहारी सावधगिरीतूनही अशी जन्माला आली.

परंतु दुबळी म्हणजे किती दुबळी? हा प्रश्न सोडवण्याचे श्रेय ब्रिटिश टपालखात्यातील विद्युत-तज्ज्ञ विल्यम प्रीस याच्याकडे जाते. निरनिराळ्या धातूंच्या तारा किती प्रवाहाला वितळतात याचे प्रयोग करून १८८४ ते १८८८ या काळात त्याने रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केले आणि तार वितळवणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, हा नियम मांडला. व्यवहारात याचा अर्थ असा की तारेचा व्यास दुप्पट केला तर तिला वितळवण्यास दुप्पट नव्हे, तर सुमारे २.८ पट प्रवाह लागतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्रासून कोणी हाताला लागेल ती थोडी जाड तार तेथे गुंडाळतो, तेव्हा 'थोडी जाड' या दोन शब्दांत केवढा धोका भरलेला असतो, हे प्रीसच्या या नियमावरून समजून घ्यावे. पुढे १८९० साली मॉर्डे याने तार उघडी न ठेवता बारीक भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीत ती बसवण्याचे पेटंट घेतले. इंग्लंडातील प्लगात आज जी नळी असते तिच्यातही वाळू भरलेली असते. वितळलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये जी विजेची ज्वाळा पेटते ती त्या वाळूत विझते, आणि नळी फुटून इजा होत नाही.

फ्यूजवरच्या आकड्याविषयीचा एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. १३ हा आकडा लिहिलेला फ्यूज १३ अँपियर प्रवाहाला वितळतो अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती अशी की १३ हा त्याने अहोरात्र, न कुरकुरता, वाहून न्यायचा प्रवाह होय. सुमारे २० अँपियरपर्यंतचा प्रवाहही तो दीर्घकाळ सोसतो, आणि प्रवाह पाचपट वाढला की मात्र सेकंदाच्या आत वितळतो. घरच्या फळीवरील, पुन्हा तार गुंडाळता येण्याजोगे जे चिनी मातीचे फ्यूज असतात ते तर याहूनही सुस्त. ते आपल्या अंकित प्रवाहाच्या जवळजवळ दुपटीला जाऊन वितळतात. फ्यूजवरचा आकडा म्हणजे सहनशक्तीची हमी होय, मरणाची वेळ नव्हे, आणि म्हणूनच त्याच्या पलीकडची तार त्या सुस्तीचा काळ निभावून नेण्याइतकी जाड असावी लागते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या इंग्रज घरातील विजेची व्यवस्था पाहिली तर तिला व्यवस्था म्हणणे धाडसाचे ठरेल. २, ५ आणि १५ अँपियरचे गोल पिनांचे प्लग, त्यांत दोन पिनांचे वेगळे आणि तीन पिनांचे वेगळे, शिवाय निरनिराळ्या कारखानदारांचे आपापले नमुने, असा प्रकार असल्याने एका खोलीतली शेगडी दुसऱ्या खोलीत नेऊन लावता येईलच अशी खात्री नसे. गोल पिनांना प्रमाणभूत रूप देणारे बी.एस. ५४६ हे मानक १९३४ साली निघाले, तरी त्यानेही आकारांची विविधता संपली नाही. प्रत्येक सॉकेटासाठी मुख्य फळीपासून स्वतंत्र तार ओढावी लागे आणि फळीवर तिच्यासाठी स्वतंत्र फ्यूज ठेवावा लागे; परिणामी सॉकेट महाग पडत, ते मोजकेच बसवले जात, आणि इस्त्री छताच्या दिव्याच्या होल्डरमधून लोंबकळत चालवण्याची घातक सवय घरोघरी रुजली होती.

युद्धात लाखो घरे पडली. ती पुन्हा बांधायची तर कशी बांधायची, याचा विचार बॉम्ब पडत असतानाच सुरू झाला, ही त्या राष्ट्राची मला विलक्षण आदरणीय वाटणारी गोष्ट आहे. १९४२ साली विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेने घरगुती वीज-जोडणीसाठी वीस जणांची एक समिती नेमली आणि तिच्या शिफारशींचा अहवाल युद्धोत्तर बांधकामविषयक पुस्तिकांच्या मालेतील अकरावी पुस्तिका म्हणून १९४४ साली सरकारने प्रसिद्ध केला. या समितीत एकच स्त्री होती. तिचे नाव कॅरोलिन हॅस्लेट. १८९५ साली जन्मलेल्या या बाई १९१९ साली स्थापन झालेल्या स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेच्या पहिल्या सचिव होत्या, आणि घरकामाच्या रगाड्यातून स्त्रीची सुटका वीज करू शकेल अशा दृढ श्रद्धेने त्यांनी १९२४ पासून स्त्रियांच्या विद्युत-संघटनेचे कार्य चालवले होते. त्यांची श्रद्धा आंधळी नव्हती. जी वीज चूल आणि धुण्याचे ओझे हलके करील तीच रांगत्या मुलाने सॉकेटात घातलेल्या सुईवाटे त्याचा जीव घेऊ शकेल, याचे भान त्यांना होते. म्हणूनच सॉकेटाच्या छिद्रांवर आतून पडदे असावेत आणि प्लग नीट आत गेल्याशिवाय ते उघडू नयेत, या कलमामागे त्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा मानला जातो. अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवली, ती प्रथम आत शिरते, अर्थिंगची जोडणी आधी साधते आणि मग पडदे सारून वीजवाहक पिनांना वाट मोकळी करून देते. १९४७ साली हॅस्लेटबाईंना 'डेम' हा किताब मिळाला. तो कोणालाही हेवा वाटू नये इतका योग्य हाती गेला, असे मी म्हणेन.

आता समितीच्या मुख्य कल्पनेकडे वळू. प्रत्येक सॉकेटासाठी वेगळी तार ओढण्याऐवजी मुख्य फळीवरून एकच तार काढावी, ती घरभर सॉकेटामागून सॉकेट घेत फिरवावी आणि पुन्हा फळीवर त्याच ठिकाणी आणून मिळवावी, म्हणजे कोणत्याही सॉकेटाकडे वीज दोन्ही बाजूंनी येईल, प्रवाह दुभागला जाईल आणि तुलनेने बारीक तारेवर पुष्कळ काम भागेल, अशी ती वलयाकार जोडणी होती. एका वलयाला फळीवर ३० अँपियरचा फ्यूज, आणि १,००० चौरस फूट क्षेत्रात हवे तितके सॉकेट! युद्धाने दुर्मिळ केलेल्या तांब्याची यात बचत होती, हे खरे. पण तेवढेच कारण नव्हते, कारण एका घरात सॉकेट विपुल असावेत आणि कोणतेही उपकरण कोठेही लावता यावे, हा गृहसुखाचा विचारही त्यामागे तितकाच प्रबळ होता. थंड देशात खोली ऊबदार करणारी ३ किलोवॅटची शेगडी ही घरातली सर्वांत भुकेली वस्तू. २३० व्होल्टांना १३ अँपियरने गुणले असता २,९९० वॅट येतात, आणि १३ हा चमत्कारिक वाटणारा आकडा या शेगडीपायी पक्का झाला.

पण या कल्पनेने एक ऋण अंगावर घेतले, आणि ते फेडल्यावाचून ती अमलात येणे अशक्य होते. फळीवरचा ३० अँपियरचा फ्यूज भिंतीतल्या तारेचे रक्षण करील. परंतु त्या सॉकेटात लावलेल्या टेबलावरच्या दिव्याची तार अर्ध्या चौरस मिलिमीटर छेदाची, केवळ ३ अँपियर झेपणारी, तिचे काय? तिच्यात दोष उद्भवला तर ३० अँपियरचा पहारेकरी जागा होण्यापूर्वी ती कोळसा झालेली असेल. तेव्हा पहारेकरी फळीवरून उठवून प्रत्येक तारेच्या दाराशी आणून बसवणे प्राप्त होते. प्लगातला फ्यूज हा असा वलयाकार जोडणीच्या पोटी जन्मलेला आहे; एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. बी.एस. १३६३ या नावाने १९४७ साली जे मानक प्रसिद्ध झाले त्यात पिना मुद्दाम चपट्या ठेवल्या, कारण जुना फ्यूजविरहित गोल प्लग या नव्या सॉकेटात घुसता कामा नये. हे घडण्याआधी नमुन्यांची स्पर्धा झाली होतीच. डॉर्मन अँड स्मिथ या कारखान्याच्या प्लगात फ्यूज हीच एक पिन होती, स्क्रूने बसवलेली. वापरता वापरता ती सैल होई आणि प्लग ओढला की कधीकधी ती सॉकेटातच राहून जाई. काही वसाहतींतून ते प्लग पुष्कळ वर्षे टिकले, पण शेवटी मानकाचा जय झाला.

येथवरची कथा मानवी विवेकाची आहे. पुढची कथा मानवी आळसाची आहे, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. प्लग विकत घ्यावा तर त्यात १३ अँपियरचा फ्यूज आधीच बसवलेला मिळे. उपकरणाची तार प्लगात जोडण्याचे काम घरमालकाचेच असे, कारण पुष्कळशी उपकरणे प्लगाशिवाय विकली जात. मालक स्क्रू आवळी, दिवा लागला की समाधान पावे, आणि ३ अँपियरच्या तारेवर १३ अँपियरचा पहारेकरी वर्षानुवर्षे झोपा काढीत राही. फ्यूजचा आकडा उपकरणासाठी नसून तारेसाठी आहे, ही साधी गोष्ट, सुमारे ७०० वॅटपर्यंत लाल रंगाचा ३ चा फ्यूज आणि त्यावर तपकिरी रंगाचा १३ चा, असे नियम रंगांसकट सांगूनही, अंगवळणी पडली नाही. नळी तपासण्याची युक्ती मात्र घरोघरी माहीत होती: धातूच्या टॉर्चचे बूड काढून फ्यूजची नळी सेल आणि नळकांडे यांच्यामध्ये धरायची, दिवा लागला तर तार शाबूत. पण शाबूत आहे एवढेच त्यातून कळे, योग्य आहे की नाही हे कळत नसे. अखेर १९९४ च्या सुरक्षा-नियमांनी उपकरण विकतानाच त्याला प्लग आणि त्यात योग्य आकड्याचा फ्यूज बसवून देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली, आणि मानकापासून ४७ वर्षांनी त्या आकड्यांना खरा अंमल मिळाला.

वलयाकार जोडणीत आणखी एक मूक दोष संभवतो, आणि तपासणीची थोरवी त्यातून उमगते. हे वलय एके ठिकाणी तुटले, तरी सर्व सॉकेट चालूच राहतात. दिवे लागतात, किटली उकळते, कोणालाही काही समजत नाही. फक्त ज्या तारेने अर्धा भार वाहायचा ती आता सगळा भार वाहत असते, आणि ३० अँपियरचा फ्यूज तिला वाचवण्यास असमर्थ ठरतो. नाक, कान, डोळे यांपैकी कोणत्याही इंद्रियाला न जाणवणारा हा दोष केवळ मापनाने सापडतो: फळीवर वलयाची दोन्ही टोके मोकळी करून, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वाट अखंड आहे की नाही, हे रोधमापकाने पाहावे लागते. त्यापाठोपाठ तारांवरचे आवरण किती मजबूत आहे हे पाहण्यासाठी ५०० व्होल्टांचा दाब देऊन त्याचा रोध मोजतात. या कामाचे उपकरण सिडनी एव्हरशेड याने १८८९ साली सिद्ध केले आणि १९०३ साली त्याला 'मेगर' हे नाव मिळाले. आपल्याकडच्या वायरमनच्या बोलीतही ते नाव इतके मुरले आहे की 'मेगर मारून बघ' म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही. तिसरी कसोटी अर्थिंगची. दोष उद्भवला असता अर्थिंगच्या वाटेने इतका प्रचंड प्रवाह गेला पाहिजे की फ्यूज तत्काळ वितळावा. ब्रिटनचे हल्लीचे नियम सॉकेटांच्या मंडलासाठी त्याला ०.४ सेकंदाची मुदत देतात. ती वाट खराब असेल, तर फ्यूज कितीही अचूक आकड्याचा असो, तो झोपून राहतो आणि उपकरणाचे लोखंडी अंग जिवंत राहते. माणसाच्या देहातून अँपियरच्या ३० हजारांशांइतका प्रवाह गेला तरी जिवावर बेतू शकते, आणि घरातला धाकट्यातला धाकटा फ्यूजसुद्धा त्याच्या शंभरपट प्रवाह शांतपणे वाहून नेतो. तेव्हा फ्यूज घराला वाचवतो, देहाला वाचवत नाही, हे कायम ध्यानात असावे. देहासाठी वेगळे, गळती ओळखणारे स्वयंचलित खटके विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले.

१९४७ साली हे मानक निघाले, त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो, आणि त्याच वर्षीच्या ७ ऑगस्टला मुंबईची वीज आणि ट्राम कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. नवा चपटा प्लग आपल्याकडे रुजला नाही. १९३४ च्या जुन्या मानकातील ५ आणि १५ अँपियरचे गोल पिनांचे प्लगच आपण पुढे चालवले, तेच आज ६ आणि १६ अँपियर म्हणून ओळखले जातात, आणि त्यांच्यात फ्यूज नसतो. आपली सारी भिस्त राहिली ती फळीवरच्या, पुन्हा तार गुंडाळता येणाऱ्या चिनी मातीच्या फ्यूजवर, म्हणजे आपल्या बोलीतल्या किटकॅटवर. जर्मनीत मानहाइम येथे ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्यात १९२४ साली सिद्ध झालेला, आज आपण एमसीबी म्हणतो तो खटका आता नव्या इमारतींतून सर्वत्र दिसतो. पण जुन्या वाड्यांतून, चाळींतून आणि खेडेगावांतून किटकॅट अजून आहेतच, आणि त्यांत तांब्याची जाड तार दुहेरी-तिहेरी पिळून घातलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. अशा तारेने फ्यूज नुसता सुस्त होत नाही, तो जवळजवळ निकामीच होतो. त्याचे नाव तेवढे फ्यूज राहते.

ज्या वाचकांच्या घरी किटकॅट आहे त्यांना एवढीच विनंती. ५ अँपियरच्या फ्यूजात ०.२० मिलिमीटर, १५ अँपियरच्यात ०.५० मिलिमीटर आणि ३० अँपियरच्यात ०.८५ मिलिमीटर व्यासाची कल्हईची तांब्याची तार लागते, तीही एकपदरी. ती दुकानात मापाप्रमाणे मागून घ्यावी, मेन स्विच बंद करून बदलावी, आणि पुन्हा लगेच वितळली तर दुसरी घालण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलावून तारा आणि अर्थिंग दोन्ही मापून घ्यावे.